डाव्या हाताचं खळं

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी यादम्मा तवा मांडते. हैदराबादच्या कुकटपल्लीत आता चौकाचौकात असे तवे झालेत. लोक ऑफिसातून येतात, जोन्न रोट्टे बांधून घेतात आणि लिफ्टनं वर जातात. जोन्न म्हणजे आपला जोंधळा आणि रोट्टे म्हणजे भाकरी. शुगर झाल्यावर शहराला भाकरी आठवली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी तिच्या शेजारच्या कट्ट्यावर बसतो. भाकरी घेतोच असं नाही. आवाज ऐकायला बसतो.

यादम्माची थाप एकसारखी असते, थप थप थप, घड्याळासारखी. आमच्या घरातली तशी नव्हती. आमच्या घरात दोन थापा, मग जरा थांबणं, मग तिसरी. बायको डावखुरी होती. सासूच्या धाकानं उजव्या हातानं भाकरी थापायला शिकली, पण दोन थापा झाल्या की हात आपोआप बदलायचा. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. मला त्या थांबण्याची इतकी सवय झाली की यादम्माच्या दोन थापांनंतर मी अजून थांबतो, आणि ती थांबत नाही.

मागच्या माघात बायको गेली. तिचं नाव सुभद्रा. सगळा संसार झाला, पण मी तिला नावानं हाक मारली नाही. "काय गं" म्हटलं की ती यायची. आता लिहायलाच बसलोय तर नाव लिहितो.

यंदा माघ लागला आणि एका संध्याकाळी यादम्माच्या परातीतल्या पिठाचा वास बदलला. जरासा गोड, जरासा ओल्या कडब्यासारखा. मी म्हटलं, "नवी ज्वारी आली वाटतं."

"हौ तात," ती म्हणाली. तात म्हणजे आजोबा. "तुमकू कैसा मालूम?"

"नाकाला मालूम."

"मग घ्या एक. नाकानं पोट भरत नाही." एवढं तिनं तेलुगूत म्हटलं, पण मला आता तेलुगू चांगलं कळतं. पोटाच्या गोष्टी माणसाला कुठल्याही भाषेत कळतात.

त्या वासानं मला सुगीत नेऊन टाकलं. माघ-फाल्गुनात रानातली ज्वारी खळ्यावर येते, तो हंगाम म्हणजे सुगी. आयुष्यात सुग्या पुष्कळ पाहिल्या, पण आठवते ती एकच. लग्नानंतरची पहिली.

आमचं गाव बिदरच्या पलीकडं. गावात घर होतं, पण जीव होता आखाड्यावर. आखाडा म्हणजे रानातलं ठिकाण. बैलांचा गोठा, कडब्याची गंज, मातीच्या भिंतीची एक खोली, दारात चूल, आणि समोर खळं. आमच्याकडं लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. पण हैदराबादेत आखाडा म्हटलं की लोक माझे दंड बघतात. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा माझे व्याही, ते जुन्या शहरातले, घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, त्यांनी ऐकलं की आमचा वडिलोपार्जित आखाडा आहे. माझे दंड निरखत त्यांनी विचारलं, "कुस्त्या आता कोण खेळतं?" सुभद्रा पदरात तोंड लपवून हसली. मी म्हटलं, "बैल." बोलणी मोडता मोडता वाचली.

हे आत्ता आठवायला कारण आहे. आमच्या वस्तीच्या मागं, जिथं शहर संपत होतं आणि आता संपत नाही, तिथं एक मोकळी जमीन आहे. भोवती टॉवर. मुलगा म्हणतो, इथं अपार्टमेंटांचं पेव फुटलंय. पेव त्यानं पाहिलेलं नाही, शब्द तेवढा आलाय त्याच्याकडं. त्या जमिनीवरही टॉवर होणार आहे, पण त्याआधी काही दिवस कॉलेजातली माणसं तिथं खणायला आली. दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि खुरप्याएवढ्या हत्यारानं माती खरवडायला लागली. यादम्मानं मला सांगून टाकलं की लंके-बिंदे शोधतायत, म्हणजे सोन्याचे हंडे. मी सकाळी फिरायला जातो तो तिकडं जायला लागलो. सोनं निघालं तर बघावं म्हणून.

सोनं नव्हतं. निघाली ती चूल.

त्यांची मुख्य एक बाई होती, स्रवंती. वय तिशी-बत्तिशीचं, डोक्याला पंचा बांधलेला, नखात माती. ती हैदराबादी हिंदीत बोलायची, मी माझ्या हिंदीत. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "क्या तात, रोज आते, बैठते, कुछ बोलते नहीं?"

मी म्हटलं, "काय खणताय?"

"जुनं शेतकऱ्याचं घर. शे-दोनशे वर्षांचं असेल."

"शेतकऱ्याच्या घरात काय मिळणार? त्याला स्वतःला काही मिळालं नाही तिथं."

ती हसली. म्हणाली, राजाचं काय, त्यानं दगडावर लिहून ठेवलंय. शेतकऱ्यानं काही लिहून ठेवलं नाही, म्हणून त्याची चूल बघावी लागते. मला हे पटलं नाही. चुलीत राखच असणार. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिनं गाव विचारलं, घरी काय होतं विचारलं, मी म्हटलं, "अपना अखाडा था." झालं. त्या दिवसापासून तिथली सगळी पोरं मला पहिलवान तात म्हणायला लागली. दुरुस्त करायचं मी मनावर घेतलं नाही. या वयात पहिलवान म्हणणारं कोण भेटतं.

रोज काहीतरी वर यायचं. गोठ्याच्या दगडी गव्हाणीचा तुकडा. बैलाच्या खुराचा नाल, गंजून बिस्किटासारखा झालेला. एके दिवशी जमिनीत एक गोल काळी खूण निघाली, आणि स्रवंती म्हणाली, पातरा. मी वाकून बघितलं. पेव होतं, जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं, आत कडब्याची नि भुसाची काळी राख चिकटलेली. तेलुगूत पातरा, आमच्यात पेव, पोटात ज्वारी एकच. मला चुलत्यांची आठवण आली. पावसाळ्यात पेव उघडायचे तर आधी कंदील सोडायचे. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. घोंगडीनं वारा घालायचा, पुन्हा कंदील. तो जळत राहिला की मग माणूस. त्या ज्वारीच्या भाकरीला आंबूस वास यायचा, घर भरून जायचं. नवी नवरी आली की तिला तो वास सोसत नसे. सुभद्रानं पहिल्यांदा तो घास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिला फसवून आणलंय. मग तिला तोच आवडायला लागला. इथं आल्यावर दुकानाच्या ज्वारीला म्हणायची, "हिला काही वासच नाही, हिच्यावर कुणी माया केली नाही."

तर ती पहिली सुगी.

त्या वर्षी आईला ताप भरला आणि तिला गावात ठेवावं लागलं. वडील तिच्यापाशी. आखाड्यावर राहिलो आम्ही दोघं. नवं लग्न, आजूबाजूला मैलभर उपटलेली ज्वारी, पेंढ्यांची बुचाडं, आणि वर कुणी बघणारं नाही. थंडी अशी की सकाळी कडब्यावर दव खडीसाखरेसारखं दिसायचं. मी कणसं वाहायचो. तिनं खळं धरलं.

खळं करायचं म्हणजे पुरुषाचं काम आधी आणि बाईचं नंतर. आमचं खळं मुरमाच्या जागेवर होतं, कायमचं. त्यावरचं वर्षाचं गवत काढायचं, पाणी शिंपडायचं, बैल फिरवायचे, धुम्मसानं ठोकायचं. मग शेण आणि पांढरी माती कालवून बाई सारवते. ओणवं होऊन मागं मागं सरकत, हाताचा पंखा करून. बोटांच्या कमानी उठतात, एकीत एक, माशाच्या खवल्यासारख्या. ते वाळलं की भाताचा दाणासुद्धा फटीत जात नाही. जोंधळा तर टपटप उडतो त्यावर.

आई असती तर उजव्या हातानं सारवावं लागलं असतं. खळं म्हणजे लक्ष्मीची जागा, तिला डावा हात लावायचा नाही. त्या सकाळी सुभद्रा शेणाची पाटी घेऊन खळ्याच्या मधोमध उभी राहिली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं, तुम्ही तिकडं तोंड करा."

"का?"

"करा म्हणते ना."

मी बैलांकडं तोंड केलं. मागून सरसर आवाज यायला लागला. भाकरीसारखा थांबणारा आवाज नव्हता. एकसारखा, मोकळा. मी हळूच वळून बघितलं तर डाव्या हातानं सारवत होती. कोपरापर्यंत बांगड्या मागं सारलेल्या, केसात कडब्याचं पान. मी बघतोय हे तिला कळलं तरी थांबली नाही. म्हणाली, "सांगणार असाल तर आत्ताच जा गावाला."

"कुणाला सांगू? बैलाला?"

"त्याला ठावं हाय. त्याचं तोंड कुठं दुसरीकडं हाय." खरंच, आमचा धवळ्या बैल एकटक तिच्याकडं बघत उभा होता.

दुपारपर्यंत सगळं खळं तिचं झालं. मी आजवर इतकं नीट सारवलेलं खळं बघितलं नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही. त्या वर्षी रास केली तेव्हा एकसुद्धा खडा लागला नाही ज्वारीत.

मळणीला बैलांची पात, म्हणजे एका दोरीत बांधलेली रांग, धरायची, तोंडाला मुसकी, मधल्या मेढीच्या खांबाभोवती गोल गोल. दिवसभर कणसांचा चुरचुर आवाज. वारा सुटला की उपणायचं, तिपाईवर उभं राहून. भूस अंगावर, घामावर, पाण्याच्या घागरीवर. जेवणात भूस. तिची भाकरी, ठेचा, आणि भूस. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. मिळालं असतं तर कळलं असतं.

आणि राशीवर माप. पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आई सांगायची, एक म्हटलं की धान्य एकटं पडतं. त्या वर्षी मापं मी टाकत होतो आणि मोजत होती ती. "लाभ," म्हणाली ती, आणि तो शब्द तिच्या तोंडात बसला तो बसलाच. पुढं शहरात आलो तरी भाकरी मोजताना लाभ. बसचे स्टॉप मोजताना लाभ. शेवटी दवाखान्यात हातावर गोळ्या ठेवल्या की, लाभ, दोन, तीन, चार. नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल, इनको गिनती में गडबड होती क्या?" मी म्हटलं, "नाही. तिची गिनती तुमच्यापेक्षा पक्की आहे."

लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही आणि मी हैदराबादेत आलो, पंख्याच्या कारखान्यात लागलो. मला माघात रजा मिळत नसे. पण ती जायची. दर वर्षी. मुलाला काखेला मारून एसटीनं, पुढं मुलगा मोठा झाल्यावर एकटी. आई गेल्यावर आखाडा तिचाच झाला. मळणीचं मशीन आलं, बैल गेले, तरी रास ठेवायला खळं लागतं म्हणून ती सारवून यायची. मी म्हणायचो, "ताडपत्री टाका की." ती म्हणायची, "ताडपत्रीवर लक्ष्मी बसत नाही, घसरते." परत यायची ती ज्वारीचं पोतं आणि शेणाच्या वासाची नखं घेऊन. गुडघे गेले तेव्हा थांबली. मग आखाड्याची भिंत पडली, छप्पर गेलं, आणि उरला एक उंचवटा.

तिच्या वर्षश्राद्धाला भानुदास आला होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा, आमची जमीन तोच कसतो. जेवणं झाल्यावर म्हणाला, "काका, त्यो आखाडा सपाट करून घेऊ का? नांगर फिरवताना लई अडतंय. जेसीबी लावला तर दोन तासाचं काम हाय."

मी म्हटलं, "करून टाक. तिथं आता काय राहिलंय."

मला खरंच तसं वाटलं होतं. ती राहिली नाही तर उंचवट्याचं काय करायचं. असा मी माणूस.

खणण्याच्या शेवटच्या दिवसांत स्रवंतीनं मला हाक मारली. "पहिलवान तात, इकडं या, सांभाळून." चौकोनाच्या कडेला तिनं माती सरळ कापली होती, पावाची लादी कापावी तशी. त्यात बारीक बारीक रेघा होत्या, एकीवर एक. करडी, पिवळट, करडी, पिवळट.

"ये क्या है, बोलो."

मला वाटलं पुराचा गाळ. ती म्हणाली, कल्लम. म्हणजे खळं. दर वर्षी सारवलेलं. एक रेघ म्हणजे एक सुगी. कल्लम आणि खळं, कानाला शब्दसुद्धा चुलतभाऊ वाटले. मग तिनं पातळ पात्यानं एक पापुद्रा अलगद उचलला आणि ब्रशनं फुंकल्यासारखं झाडलं. खाली बोटांच्या कमानी होत्या. एकीत एक. माशाच्या खवल्यासारख्या.

मी उकिडवा बसलो. उभं राहवत नाही म्हणून बसलो असं त्यांना वाटलं असेल.

"हे कसं राहिलं?" मी विचारलं. "पावसात वाहून जातं हे."

"भिंत पडली ना यावर," ती म्हणाली. "मातीची भिंत. गोधडी टाकल्यासारखं झाकून टाकलं. भिंत उभी राहिली असती तर हे राहिलं नसतं." मग ती आपल्या हातानं हवेत कमान काढून दाखवायला लागली. "बघा, सगळ्या बायका उजव्या हाताच्या. कमान अशी वळते."

"आणि डाव्या हाताची असेल तर?"

"तर उलटी. पण तशी मला अजून कुठं दिसली नाही."

 मग तिला सांगितलं, आमचा आखाडा म्हणजे काय. कुस्त्या नाहीत, खळं आहे. ती आधी मोठ्यानं हसली, तिनं पोरांना ओरडून सांगितलं की तात पहिलवान नाहीत. मग मी जेसीबीचं सांगितलं, आणि तिचं हसणं थांबलं. "कधी?" म्हणाली.

तेच मला माहीत नव्हतं.

तिथंच उभं राहून भानुदासला फोन लावला. तो मशिनीच्या आवाजात होता. "काका, उद्या येतंय बगा जेसीबी. सकाळी."

"येऊ देऊ नको."

"आवं, तुम्हीच तर म्हणलाव. बोलावलंय त्याला. त्या ढेकळात हाय काय?"

"तुझ्या काकूचे हात हायत."

 मशिनीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "काका, तुमची तब्येत बरी हाय का?"

"बरी हाय. मी येतो. तोवर त्याला हात लावू देऊ नको."

घरी आलो. मुलगा कामानं बाहेरगावी होता. सून, वैशाली, लॅपटॉप मांडून बसली होती. ही त्या व्याह्यांची मुलगी. जन्म इथला, शाळा इंग्रजी, मराठी वाचताना अडखळते, बोलते मात्र धबधब्यासारखी. तिला सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, बाबा, वीकेंडला बघू. तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "आईंनी मला ते सांगितलं होतं. लेफ्ट हँडचं. तुम्हाला तिकडं तोंड करायला लावलं ते."

मला हे ऐकून राग आला का बरं वाटलं, अजून ठरवता येत नाही. एवढी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुभद्रानं मात्र सांगून ठेवलं होतं.

पहाटे निघालो, गाडी वैशालीनं चालवली. जाताना स्रवंतीनं दिलेला एक जाड ब्रश आणि पातळ पातं तिच्या पर्समध्ये. पटानचेरू गेलं, संगारेड्डी गेलं, जहिराबादच्या पुढं रानं सुरू झाली. रस्त्याच्या कडेनं लोकांनी ज्वारी काढून आडवी टाकली होती. मी काच खाली केली. वैशाली म्हणाली, "बाबा, एसी चालू आहे."

"असू दे. तोही वास घेईल."

पोचलो तेव्हा पिवळं मशीन उंचवट्यापाशी उभं होतं आणि त्याचा दात मातीत होता. भानुदास हात हलवत पुढं आला. ड्रायव्हर लवकर आला होता, यानं थांबवेस्तोवर एक घास घेतला होता त्यानं कडेचा. ड्रायव्हर बीडी ओढत म्हणाला, "मला काय माहीत, मी ढेकूळ समजलो." त्याला काय बोलणार. मीसुद्धा ढेकूळच समजलो होतो.

तो घास जिथून गेला होता तिथं माती सरळ कापली गेली होती. मी काठीच्या आधारानं खाली बसलो. वर पडक्या भिंतीची माती, हातभर. तिच्याखाली रेघा. करडी, पिवळट, करडी, पिवळट. बारीक, पण होत्या. मुरमापर्यंत.

 पण रेघा असणं वेगळं, हात तिचाच असणं वेगळं. त्या आमच्या आईच्याही असतील, आजीच्याही असतील. वैशालीनं भिंतीची माती हातानं बाजूला केली, सलवारीला माती लागली तरी बघितलं नाही. मग ओणवी होऊन ते पातं घातलं, स्रवंतीनं फोनवर सांगितलं होतं तसं, अगदी आडवं. पहिला पापुद्रा तुटला. दुसराही तुटला. भानुदास म्हणाला, "वहिनी, दमानं." हा तोच, सपाट करणारा. तिसरा पापुद्रा तळहाताएवढा निघाला. तिनं ब्रश फिरवला आणि बाजूला सरकली.

कमानी होत्या. आणि उलट्या होत्या.

मी माझा डावा हात त्यावर धरला, न टेकवता. बोटं बरोबर बसली नाहीत, माझी जाड आहेत. पण वळण बसलं. त्या सकाळचा सरसर आवाज मला ऐकू आला असं लिहिलं तर खोटं होईल. ऐकू आला तो भानुदासचा. तो नाक ओढत होता. काकूनं त्याला लहानपणी फार खाऊ घातलंय.

"काका," तो म्हणाला, "मी याच्या बाजूनं नांगरीन. वळसा घालून."

ड्रायव्हरनं मशीन चालू केलं आणि मागं घेतलं.

मग वैशाली कडेच्या रेघांवर बोट ठेवून वरून मोजायला लागली. मी वाट बघत होतो की ही काय म्हणते. इंग्रजी शाळेतली पोर. तिनं पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "लाभ." मग दोन, तीन, चार. पुढं रेघा एकमेकींत मिसळल्या, तिचं बोट चुकलं, तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकली. मी म्हटलं, राहू दे. राशीच्या तळाची ज्वारीसुद्धा मोजत नाहीत, ती सगळ्यांची असते. खालच्या रेघा आईच्या, आजीच्या, आणखी कुणाकुणाच्या. त्या त्यांच्या त्यांना मोजू दे.

स्रवंतीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, आणि तिला बोलता येईना इतकी ती खूश. तिकडचं काम संपलं की पोरं घेऊन येणार आहे म्हणाली. टॉवरखाली जाणारं तिला अडवता आलं नाही, हे अडलं याचं तिला बरं वाटलं असावं. मी म्हटलं, या, पण जेवायला भाकरी मिळेल, आणि भूस.

दुपारी भानुदासनं उघड्या कडेवर भिंतीचीच माती ओली करून थापली, पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून. मग मला काय झालं माहीत नाही. मी त्याला म्हटलं, थोडं शेण आण. बाजूला खळ्याचा एक कोपरा उघडा होता, सतरंजीएवढा. आयुष्यात कधी मी सारवलेलं नाही, ते बाईचं काम. गुडघ्यावर बसलो आणि सारवायला लागलो. डाव्या हातानं करून बघितलं, जमेना. उजव्यानं केलं. कुठं जाड, कुठं पातळ, मध्ये ढेकळं. वैशाली कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बाबा, पुढं कधी कुणी हे खणलं ना, तर म्हणेल, ही बाई कोण होती, हिला कुणी काही शिकवलं नाही."

"म्हणू दे. नवशिकी होती म्हणेल."

ती माझ्या शेजारी बसली, हात बुडवला, आणि माझी ढेकळं नीट करायला लागली. तिच्याही कमानी उजव्याच उठल्या. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या रानात मळणीचं मशीन घरघरत होतं आणि भूस उडून आमच्या ओल्या सारवणावर बसत होता. मी झाडला नाही. आत जाऊ दे म्हटलं, पुढच्यांना कळेल कुठल्या हंगामातलं आहे.

उठताना तिनं मला हात दिला. मग वळून त्या ओल्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे आता वरून मोजायचं तर तुमच्यापासून सुरुवात."

मी म्हटलं, "माझा धरू नको. लाभ तिच्यापासून म्हण."